वेताळपंचविशीचें एक बाड व अद्भुत बालकथांचें टिकाऊपण

यवतमाळ जिल्ह्यांतील जुन्या पोथ्यांचा शोध हें कार्य नवें नव्हे. यवतमाळच्या शारदाश्रमाशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, ते कै. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं महानुभावांच्या मठांतील व गृहस्थांच्या घरांतील हस्तलिखितें धुंडाळून १९२५ मध्यें 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हांपासून दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, वणी या बाजूंचे कित्येक माळे व पेट्या संशोधकांच्या नजरेखालून गेल्या आहेत. सनदा, महजर, वंशावळी, गीतेवरील टीका, आरत्यांचीं व पदांचीं बाडें, वैद्यकाचे कागद, यांच्या याद्या झाल्या. एका प्रकारची नोंद मात्र या याद्यांत क्वचितच आढळते. घरांतील मुलांनीं वाचलेल्या किंवा मुलांस वाचून दाखविलेल्या अद्भुत कथांचीं जीं हस्तलिखितें व जुनीं छापील पुस्तकें असत, त्यांस संग्राहकांनीं जमेंत धरलें नाहीं. या कथा शेंकडों वर्षें टिकल्या हें सर्वांस मान्य आहे. त्या कशा टिकल्या व कां टिकल्या हें पाहण्यास लागणारीं साधनेंच आपण हातचीं घालविलीं, असें आमचें म्हणणें आहे. आणि तें दुसऱ्यांस लावण्यापूर्वीं आमच्याच हातून घडलेला प्रमाद सांगणें प्राप्त आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं दारव्हा तालुक्यांतील एका गांवीं, पूर्वीं वतनदार असलेल्या एका घराण्याच्या पोथ्या पाहण्यास आम्ही गेलों होतों. माळ्यावरून एक सागवानी पेटी खालीं काढण्यांत आली. तींत लाल रुमालांत बांधलेली गीतेवरील एक टीका होती, आणि तिच्याखालीं रुमालावांचून पडलेलें, वरच्या अंगास शिवलेलें, मोडी अक्षराचें एक बाड होतें. पहिलीं पानें गेलेलीं. उरलेल्या पानांचे कोपरे झिजून वाटोळे झालेले. दिव्याच्या तेलाचे डाग जागोजाग. आणि एका समासांत कोणा मुलानें खांद्यावर प्रेत घेतलेल्या राजाचें चित्र काढलेलें, त्यांत प्रेताचे पाय राजाच्या पायांहून लांब. चार ओळी लावतांच ती वेताळपंचविशी आहे हें कळलें. घरांतील वृद्ध बाई म्हणाल्या, "थे तं पोरायचं होय, मास्तर. त्याचं काय करता?" आम्ही हंसलों, बाड पेटींत परत ठेवलें, आणि टीका अभ्यासासाठीं मागून घेतली. ती वामनपंडिताच्या यथार्थदीपिकेची अपुरी प्रत निघाली. तो ग्रंथ छापून कितीतरी काळ लोटला आहे. दोन वर्षांनीं टीका परत करावयास गेलों, तेव्हां घराचें कवेलूंचें छप्पर जाऊन पत्रे आले होते, माळा उरला नव्हता, पेटींत धान्य होतें, आणि बाड कोणास आठवत नव्हतें. यथार्थदीपिकेच्या अपुऱ्या प्रती विदर्भांत आणखीहि मिळतील. राजाचें तें चित्र दुसरें मिळावयाचें नाहीं.

वेताळकथांचा उगम गुणाढ्याच्या बृहत्कथेशीं जोडण्याची परंपरा आहे. मूळ पैशाची ग्रंथ नष्ट झाला. संस्कृत रूपांतरें उरलीं, त्यांत काश्मीरच्या सोमदेवाचा कथासरित्सागर सर्वांत प्रसिद्ध. सोमदेवानें तो अकराव्या शतकांत राणी सूर्यवतीच्या विनोदार्थ रचला. अठरा लंबक व एकशें चोवीस तरंग असा त्याचा विस्तार असून वेताळाच्या कथा बाराव्या, शशांकवती नांवाच्या लंबकांत येतात. त्या मुळांत गुणाढ्याच्या कीं काश्मिरांत मागाहून मिळविलेल्या, हा विद्वानांतील वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. आमच्या वाचकांस अधिक जवळचें तें असें कीं, सोमदेवाच्या वेताळकथेंतील राजा त्रिविक्रमसेन हा उज्जयिनीचा नसून गोदातीरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा आहे. पैनगंगा व वर्धा या दोन्ही नद्यांचें पाणी शेवटीं गोदावरीसच मिळत असल्यामुळें या राजावर आमच्या जिल्ह्याचाहि थोडा हक्क पोंचतो, असें आम्ही वर्गांत मुलांस सांगत असूं. इतिहास म्हणून अर्थातच नव्हे.

त्याच ग्रंथाच्या आरंभीं गुणाढ्याची जी आख्यायिका आहे, ती तर पोथ्या जमविणारांनीं नित्य स्मरणांत ठेवावी अशी आहे. गुणाढ्यानें सात लक्ष श्लोक स्वतःच्या रक्तानें लिहिले व सातवाहन राजाकडे पाठविले. भाषा पिशाचांची आणि अक्षरें रक्ताचीं पाहून राजानें ग्रंथ झिडकारला. मग गुणाढ्यानें एका डोंगरावर अग्निकुंड पेटविलें, आणि एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवावें व आगींत टाकावें, असा क्रम चालविला. वनांतील पशू चरणें सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. इकडे राजाच्या मुदपाकखान्यांत येणारें मांस सुकें येऊं लागलें; राजा आजारी पडला, आणि कारण शोधीत डोंगरावर पोंचला, तोंपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लक्ष त्यानें मागून घेतला. राजानें ग्रंथ नाकारला तो आंतील कथा वाचून नव्हे. भाषा व अक्षर पाहूनच त्यानें निकाल दिला, हें ध्यानांत घ्यावें. आमचें दारव्ह्याकडील वर्तन याहून फारसें वेगळें नव्हतें.

आतां या कथांत असें काय आहे कीं ज्यामुळें त्या टिकल्या? अद्भुत म्हणजे वाटेल तें घडणें, आणि मुलें अजाण असल्यामुळें त्यांस वाटेल तें आवडतें, असा एक सुशिक्षित समज आहे. आमचा अनुभव याच्या उलट आहे. शाळेंत शनिवारच्या शेवटच्या तासास आम्ही वेताळाच्या गोष्टी सांगत असूं. क्षांतिशील नांवाचा भिक्षु रोज राजास एक फळ देतो, एके दिवशीं माकडानें फोडलेल्या फळांतून रत्न निघतें, राजा वचनांत गुंततो, अमावास्येच्या आधल्या रात्रीं स्मशानांत जातो, शिंशपेच्या झाडावरून प्रेत उतरवितो, आणि प्रेतांतील वेताळ बोलूं लागतो. प्रेत कसें बोलेल, हा प्रश्न इतक्या वर्षांत एकाहि मुलानें विचारला नाहीं. वेताळाची अट मात्र प्रत्येक मूल कांट्यावर धरून तोलीत असे. राजा बोलला तर वेताळ परत झाडावर; उत्तर ठाऊक असून बोलला नाहीं तर राजाच्या मस्तकाचीं शकलें. अट ऐकून क्षणभर वर्ग गप्प बसे, आणि मग कोणीतरी हटकून विचारी, "गुरुजी, राजा खोटं उत्तर का देत नाही?" आम्हांस उत्तर द्यावें लागत नसे. ठाऊक असलेलें न सांगणें म्हणजेच न बोलणें, तेव्हां खोटें बोलला तरी डोकें फुटणारच, असा निवाडा मागच्या बांकावरून येई.

नाट्यशास्त्रांत अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय सांगितला आहे. विस्मयास आधीं कांहीं तरी ठाम असावें लागतें. ज्या कथेंत कांहींहि घडूं शकतें, तींत कशाचेंहि नवल वाटत नाहीं. वेताळकथेंत एक गोष्ट अशक्य कोटींतील मान्य करावयाची, कीं प्रेत बोलतें; ती मान्य केली म्हणजे पुढें सर्व व्यवहार कायद्याप्रमाणें चालतो. सुटकाहि कायद्यानेंच होते. शेवटल्या कथेंत बाप मुलीशीं आणि मुलगा आईशीं लग्न करतो, व त्यांच्या संततीचें परस्परांशीं नातें काय, असा प्रश्न येतो. राजास उत्तर खरोखरच ठाऊक नसतें. म्हणून तो गप्प राहतो, आणि गप्प राहूनहि त्याचें मस्तक शाबूत राहतें. ही जागा आली कीं वर्गांत एकदम गलका होत असे; अट मोडली नाहीं व राजाहि वांचला, हें मुलांच्या आधीं लक्षांत येई व मग आमच्या. सिंहासनबत्तिशीची बांधणी याच जातीची. बत्तीस पुतळ्या, प्रत्येकीची एक कथा, आणि विक्रमासारखें औदार्य असेल तरच वर बस ही एकच अट.

मुद्रणाच्या काळांत या गोष्टीची जणूं कसोटीच झाली. मुंबईस सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनीं १८२८ मध्यें 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा', आणि १८३० मध्यें 'वेताळपंचविशी' अशीं पुस्तकें मराठींत आणलीं. 'बाळमित्र' मूळ बर्कें नांवाच्या फ्रेंच ग्रंथकाराचा. सद्वर्तनी मुलें, पश्चात्ताप पावणारीं मुलें, समंजस आईबाप, असा त्यांतील संसार असून चमत्काराला तेथें थारा नाहीं. लेखक एकच, गांव एकच, वर्षें जवळजवळ तींच, मराठी गद्य त्याच घडणीचें. आज 'बाळमित्र' वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांबाहेर भेटत नाहीं, आणि वेताळ जत्रेंतल्या पुस्तकांच्या दुकानांत अजून विकत मिळतो. इसापहि टिकला, असें कोणी म्हणेल. टिकला खरा, पण तेथें कोल्हा बोलतो हें विसरूं नये.

त्याहिपूर्वीं, १८१४ मध्यें, कलकत्त्याजवळ श्रीरामपुरास मोडी ठशांत मराठी 'सिंहासनबत्तिशी' छापली गेली. ती सिद्ध करणारे वैजनाथ पंडित हे नागपूरकडचे. फोर्ट विल्यम कॉलेजांत कंपनीच्या तरुण अंमलदारांस मराठी शिकविण्यासाठीं अशा पुस्तकांची गरज होती. डॉ. विल्यम केरी यांच्या मराठी व्याकरणास (१८०५) व कोशास (१८१०) याच पंडितांचें साहाय्य होतें. मराठी गद्य छापूं लागल्यावर पहिल्याच दशकांत अद्भुतकथा आली, आणि ती विदर्भांतील माणसाच्या हातून आली. भाषा शिकणाऱ्या परदेशी प्रौढालाहि पान उलटावेंसें वाटेल असें काय द्यावें, हें वैजनाथांस नेमकें कळलें होतें.

येथेंच आमच्या बाडाच्या हानीचें खरें मोल ध्यानांत येतें. छापील पुस्तक दुर्मिळ असल्यामुळें त्यावरून मोडींत नक्कल करून घेण्याची चाल एकोणिसाव्या शतकांत होती. दारव्ह्याकडील बाड छत्र्यांच्या पुस्तकाची नक्कल होती, कीं छापखान्याशीं संबंध नसलेल्या जुन्या वऱ्हाडी परंपरेंतलें होतें? दोन कथांचे आरंभ छापील पाठाशीं ताडून पाहिले असते तरी निर्णय झाला असता. राजाचें नांव त्रिविक्रमसेन होतें कीं विक्रम, झाड शिंशपेचें होतें कीं दुसरें, एवढें टिपून घेण्यास पांच मिनिटें पुरलीं असतीं.

प्रौढांच्या वाङ्मयाकडे वळलें तरी हीच गोष्ट दिसते. मराठी भाषेनें 'नॉव्हेल' या प्रकारास 'कादंबरी' हें नांव दिलें तें बाणभट्टाच्या ग्रंथावरून. बाणाची कादंबरी म्हणजे चांडालकन्येच्या पिंजऱ्यांतून आलेल्या शुकानें सांगितलेली शापांची व जन्मांतरांची कथा. तिचें कथाबीजहि बृहत्कथेंतलें. म्हणजे एका अद्भुतकथेचें नांव ज्या प्रकारास मिळालें, त्याच प्रकारांतून पुढें अद्भुताची हकालपट्टी करण्यांत आली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. या व अशा कादंबऱ्यांवर काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ च्या आपल्या निबंधांत असंभाव्यतेचा ठपका ठेवला. आमच्या मतें ठपका बरोबर होता, कारण मात्र चुकलें. या कादंबऱ्या लयास गेल्या त्या अद्भुत होत्या म्हणून नव्हे. त्यांत संकट आलें कीं योगायोग धांवून येतो, आणि कोणत्या अटीवर येतो हें कधींच कळत नाहीं. अल्लादिनाच्या दिव्याचें तसें नाहीं. जो घांसेल त्याची चाकरी करणें हा त्या दिव्याचा धर्म. दुष्ट जादुगाराच्या हातीं गेला तर तो त्याचीहि चाकरी करतो. या निष्ठुर नियमांतूनच कथा उभी राहते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलेलीं व विष्णुशास्त्र्यांनीं पुढें हात लावलेलीं अरबी गोष्टींचीं मराठी पुस्तकें अनेक पिढ्यांनीं झिजविलीं तीं यामुळें. जातां जातां एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. अल्लादिनाची कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीं. ती हन्ना दियाब नांवाच्या हलबच्या एका तरुणानें १७०९ मध्यें गालाँ या फ्रेंच पंडितास तोंडीं सांगितली. त्या हन्नानें लिहिलेलें आत्मवृत्त व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत पडून होतें, तें विसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखूं आलें. मोठ्या ग्रंथालयांतहि असें घडतें, तर आमच्या माळ्यांची कथा काय?

आतां सर्वांत लहान मुलांच्या, व आमच्या प्रदेशाच्या अगदीं घरच्या कथेकडे येतों. शेणाच्या घरांतला कावळा व मेणाच्या घरांतली चिमणी ही कथा ऐकल्याशिवाय मराठी मूल वाढत नाहीं. ती लीळाचरित्रांत आहे. म्हाइंभटांनीं ऋद्धिपुरास, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यांत, तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, त्यांत ही आलेली आहे. चिमणीच्या जागीं तेथें 'साळै' हें नांव आहे, व तें साळुंकीच्या जवळचें दिसतें. परंतु शेण तेंच, मेण तेंच, पाऊस तोच. मराठी गद्याच्या अगदीं पहिल्या ग्रंथांत मुलांची अद्भुतकथा बसली आहे, आणि साडेसातशें वर्षांत पक्ष्याच्या नांवापलीकडे तिचा सांगाडा फारसा बदललेला नाहीं. पक्ष्यांनीं घरें बांधून दारें लावावीं हें मूल मुकाट्यानें मान्य करतें. शेण पाण्यांत विरघळतें व मेण विरघळत नाहीं, हें मात्र त्यास पटावें लागतें. चुलीजवळ बसून ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाससुद्धां तें पटतें, कारण त्यानें सारवलेलें अंगण पावसांत पाहिलेलें असतें.

लीळाचरित्र हातीं लागण्याचा इतिहासहि विसरण्याजोगा नाहीं. सांकेतिक लिपींत लिहिलेले पंथाचे ग्रंथ बाहेरच्यांस अगम्य होते. लिपी उलगडल्यावर विद्वान तेथें गेले ते तत्त्वज्ञानाच्या, भाषेच्या व यादवकालीन इतिहासाच्या शोधांत. नागपूरच्या हरि नारायण नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापले, तेव्हां कावळा आपोआप छापला गेला. ग्रंथ धर्माचा होता म्हणून कथा वांचली. वेताळाच्या बाडास असा आश्रय नव्हता.

इंग्रजांनीं अशा वस्तूंचें काय केलें हें पाहिलें म्हणजे खंत वाढते. ल्युइस कॅरल यानें ॲलिस लिडेल या मुलीस सांगितलेली गोष्ट स्वहस्तें लिहून, स्वतःच चित्रें काढून, १८६४ मध्यें तिला भेट दिली. छापील ग्रंथ पुढच्या वर्षीं निघाला. तें बाड (बाडच म्हणावयाचें तें) ॲलिसनें म्हातारपणीं १९२८ त लिलावांत काढलें, तेव्हां त्यास १५,४०० पौंड आले. तें अमेरिकेंत गेलें, आणि १९४८ मध्यें तेथील ग्रंथप्रेमी मंडळींनीं विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमास परत केलें. मराठींत ती ॲलिस भा. रा. भागवतांनीं 'जाईची नवलकहाणी' या नांवानें आणली. अलीकडे हॅरी पॉटर या पोरक्या मुलाच्या इंग्रजी कादंबऱ्या जगभर गेल्या, त्यांतील १९९७ च्या पहिल्या पुस्तकाच्या मराठी नांवांत 'परीस' हा शब्द आला आहे. अनुवादकाची ही निवड आम्हांस फार आवडली. परीस म्हणतांच त्याचा नियम मराठी मुलास सांगावा लागत नाहीं. लोखंडालाच लागतो व स्पर्शानेंच लागतो.

जे वाचक अजून माळे व पेट्या पाहत हिंडतात, त्यांस आमची विनंति एवढीच कीं, असें बाड वा फाटकें पुस्तक हातीं आल्यास तें पूर्ण आहे कीं अपुरें याची फार चिकित्सा करीत बसूं नये. कोणतीं पानें अधिक झिजलीं, कोठें तेल सांडलें, समासांत मुलानें काय काढलें, घरांत तें कोण वाची व कोण ऐके, हें प्रथम टिपावें. ज्या कथेचीं पानें सर्वांत मळलेलीं, ती त्या घराची आवडती. इतका सरळ पुरावा सनदांच्या दप्तरांत मिळत नाहीं. आणि शक्य तर छायाचित्र घ्यावें. आज तें खिशांतल्या फोनावर होतें, आमच्या वेळीं होत नव्हतें, ही सबब मात्र आम्ही पुढें करीत नाहीं, कारण आम्ही चित्राकडे नीट पाहिलेंच नव्हतें.

दारव्ह्याकडील त्या दुसऱ्या खेपेची एक गोष्ट सांगावयाची राहिली. बाड नाहीं हें कळल्यावर आम्ही ओसरीवर बसलों असतां घरांतला आठ-नऊ वर्षांचा नातू जवळ आला. मोडी त्यास येत नव्हती, बाड त्यानें पाहिलें नव्हतें. कथा मात्र आजीकडून ऐकलेल्या. आम्हीं विचारतांच तो सांगूं लागला, आणि दिवेलागणीपर्यंत अकरा कथा झाल्या. त्याच्या सांगण्यांत झाड शिंशपेचें नव्हतें, गांवच्या नाल्यावरची चिंच होती. दहा कथा सोमदेवाच्या, क्रम मात्र त्याचा स्वतःचा. अकरावी ऐकून आम्ही चमकलों. भिंतीवरच्या चित्रांतला हंस मोत्यांचा हार गिळतो व चोरीचा आळ विक्रमावर येतो, ही तर शनिमाहात्म्यांतली कथा. घरोघरीं शनिवारीं वाचली जाते ती. मुलानें ती उचलून वेताळाच्या तोंडीं घातली होती, आणि शेवटीं प्रश्नहि स्वतःच जोडला होता. दोष कोणाचा, हंसाचा, कीं हंस काढणाऱ्या चिताऱ्याचा?

आम्ही शिक्षक, प्रश्न विचारला कीं उत्तर देण्याची संवय. चिताऱ्याचा दोष कसा नाहीं, हें आम्ही सकारण सांगूं लागलों. मुलानें दोन वाक्यें ऐकून घेतलीं आणि टाळी वाजविली.

"बोलले नं गुरुजी? गेला वेताळ झाडावर!"